दोन नट, दोन मोबाइल, चार गोधड्या: भोर-वेल्ह्यातून पॉडकास्ट सुरू करण्याची कृती

या, दोघंही बसा. समजा, तुमच्यातला एकजण भोरला राहतो, दुसरी वेल्ह्याची, आणि दोघंही नाटकातली माणसं. पाठांतर, शब्दफेक, समोरच्याचा क्यू पकडणं, चुकलेलं वाक्य सावरून घेणं हे तुम्हाला येतंच. म्हणजे पॉडकास्टचं निम्मं काम झालेलं आहे. उरलेलं निम्मं आता क्रमानं करू. मधली पायरी गाळायची नाही आणि माइक विकत घ्यायला आजच धावायचं नाही.

हाताशी एवढं ठेवा: दोन मोबाइल, मोबाइलला लागणारे दोन वायरचे कॉलर माइक, दोन इअरफोन, कुणाचा तरी जुना पण चालू लॅपटॉप, चार जाड गोधड्या, दोरी, कपड्यांचे चिमटे, वही आणि पेन. कॉलर माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि सुरुवातीला तो पुरतो.

आधी वही

१. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: आपण कोणाशी, कशाबद्दल बोलणार. उदाहरणार्थ, 'भोर आणि वेल्हे तालुक्यांत नाटक करणाऱ्या, बसवणाऱ्या आणि पाहणाऱ्या माणसांशी गप्पा.' वाक्यात दोनदा 'आणि शिवाय' आलं तर खोडून पुन्हा लिहा. तोरणा आणि राजगड डोळ्यांसमोर असताना गडकिल्ल्यांवरच बोलावंसं वाटेल, ते मी समजू शकतो. पण गडांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. जत्रेच्या नाटकात तीस वर्षं पडदा ओढणाऱ्या माणसाशी कोण बोलतंय? तिथे तुमचं काम आहे.

२. त्याच पानाखाली दहा भागांची यादी काढा. स्त्री भूमिका केलेले जुने नट, प्रॉम्प्टर, पेटीवाले, रंगभूषा करणारे, भारूड सादर करणारी मंडळी, गोंधळी, स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी बसवणाऱ्या बाई, पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकात उतरलेली कॉलेजची मुलं. यादी सहावर अडली तर विषय फार अरुंद झाला आहे. पुन्हा पायरी १ वर जा.

३. प्रत्येक भागापुढे सूत्रधाराचं नाव लिहा. गप्पांची दोरी एका भागात एकाच्या हातात, पुढच्या भागात दुसरीच्या. इथे गडबड हमखास होते. दोन नट समोरासमोर बसले की एकतर दोघंही वाक्य घ्यायला धावतात, नाहीतर दोघंही 'तू बोल, तू बोल' करत बसतात. पुण्याहून ओंकार जाधव आणि शार्दूल कदम 'अमुक तमुक' हा पॉडकास्ट चालवतात. त्याचा एखादा भाग फक्त एवढ्यासाठी ऐका, की एकजण बोलत असताना दुसरा काय करतो.

४. दोघांमधला करार एका कागदावर लिहून त्यावर सह्या करा. पाच मुद्दे पुरेत: नाव कोणाच्या मालकीचं, खर्च कसा वाटायचा, उत्पन्न आलं तर कसं वाटायचं, एकाला मालिका किंवा दौरा मिळाला तर किती दिवस थांबायचं, आणि एखादा भाग प्रसिद्ध करू नये असं एकाला वाटलं तर शेवटचा शब्द कोणाचा. 'आपल्यात कशाला कागद' असं म्हणून हे पुढे ढकलू नका. आज हिशोब शून्याचा आहे, म्हणून आजच तो हसत हसत होईल.

५. नाव ठरवा. ठरलं की लगेच स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट्स आणि यूट्यूबवर ते शोधून बघा. त्या नावाचं दुसरं काही निघालं तर मोह सोडा आणि नवं नाव घ्या. नाव उच्चारायला सोपं हवं, कारण ते बहुतेक लोक एकमेकांकडून ऐकूनच शोधणार आहेत.

६. पॉडकास्टसाठी नवा ईमेल उघडा. पासवर्ड दोघांच्याही वहीत लिहा. स्वतःचा खासगी ईमेल इथे वापरू नका. पॉडकास्टच्या फीडमध्ये हा पत्ता जगाला दिसू शकतो.

७. जे नाटक वाचणार, त्याच्या लेखकाचं मृत्यूचं वर्ष तपासा. ही पायरी नाटकवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण तुम्हाला एखादा प्रवेश वाचून दाखवावासा वाटणारच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ही साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, राम गणेश गडकरी १९१९ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. त्यांच्या हयातीत छापून आलेली नाटकं तुम्ही मोकळेपणानं वाचा. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी लागेल. पु. ल. देशपांडे गेले २००० साली, विजय तेंडुलकर २००८ साली. तिथे हक्क अनुक्रमे २०६० आणि २०६८ च्या अखेरपर्यंत आहेत. नाटकावर चर्चा करताना एखाद-दुसरं वाक्य उद्धृत करणं वेगळं आणि अख्खा प्रवेश सादर करणं वेगळं. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी घ्याच. आणि जपून: नाटक जुनं असलं तरी त्यातल्या पदाची बाजारातली रेकॉर्ड नवी असू शकते, तिचा हक्क स्वतंत्र असतो. भाषांतरालाही भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो.

८. रेकॉर्डिंगचे महिने कॅलेंडरवर खुणा करून ठरवा. आपल्या भागात हे हवामान आणि शेतीवर ठरतं. जून-जुलैत भाताची लावणी, माणसं चिखलात आणि पाऊस पत्र्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. चैत्रात जत्रा, तेव्हा पाहुणे स्वतःच नाटकात अडकलेले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सोन्यासारखा काळ: हवा कोरडी, रातकिडे गप्प, धान्य घरात आणि माणसं बोलायला मोकळी. लग्नाच्या तिथी तेवढ्या टाळा, बँड दोन वाड्यांपलीकडून ऐकू येतो. गावचा आठवडी बाजार आणि वीज बंद ठेवायचा वार विचारून त्यावरही फुली मारा.

आता खोली

९. टाळी वाजवून खोली निवडा. खोलीच्या मधोमध उभं राहून एकच खणखणीत टाळी द्या. टाळीमागून 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं तर ती खोली नको. स्लॅबचं घर, फरशी आणि रिकाम्या भिंती असल्या की हे शेपूट येतंच. उंच छताचं दगडी सभागृह रुबाबदार दिसतं, पण त्यात आवाज घुमतो. जुन्या घरातलं माजघर मिळालं तर सोडू नका: सारवलेली जमीन, भाताची पोती, दांडीवरचे कपडे, हे सगळं आवाज गिळतं. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात अजिबात बसू नका. भोर आणि वेल्हे दोन्हीकडून येणाऱ्यांना नसरापूर मधे पडतं, तिथे ओळखीतलं घर असेल तर एकाचाही दिवस प्रवासात जाणार नाही.

१०. त्या खोलीत डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. ऐकू आलं ते लिहून काढा: फ्रिज, पंखा, ट्यूबचा चोक, पिठाची गिरणी, देवळातला भोंगा, कोंबडा, शेजारची दुचाकी. घाईत ही पायरी सोडली तर तेच आवाज नंतर तासभर तुमच्या वाक्यांखाली घरघरत राहतील.

११. यादीतलं जे बंद करता येईल ते बंद करा. फ्रिज बंद केल्यावर दुचाकीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. निघताना किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू करायचं आठवेल. नाहीतर यजमानांचं दूध नासेल आणि पुढच्या वेळी खोली मिळणार नाही.

१२. प्रत्येकाच्या तोंडासमोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. दोरी बांधा, चिमटे लावा, झालं. बहुतेकजण गोधडी पाठीमागे लावतात. पण आवाज तोंडातून पुढे जातो आणि समोरच्या भिंतीवरून परततो, म्हणून समोर लावा. राहिली तर एक टेबलावर अंथरा, म्हणजे कप ठेवल्याचा ठोका येणार नाही.

१३. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा, मध्ये दोन हात अंतर. एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत, पण एकाचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये फार शिरता कामा नये. करकरणारी खुर्ची बाहेर काढा. सतरंजीवर मांडी घालून बसलात तरी उत्तम, फक्त पोक काढून बसू नका, श्वास आखडतो.

१४. बांगड्या, घड्याळ, माळ, किल्ल्यांचा जुडगा, सगळं काढून ठेवा. नायलॉनची ओढणी किंवा कडक स्टार्चचा झब्बाही नको. हात हलवून बोलायची सवय नटाला असतेच, आणि प्रत्येक हालचालीला बांगडी किणकिणली तर ती कापता येत नाही.

आता माइक आणि मोबाइल

१५. कॉलर माइक हनुवटीच्या खाली एक वीत अंतरावर लावा. वायरीचा छोटा वेढा करून चिमट्यात अडकवा, म्हणजे ओढ माइकवर येणार नाही. पदराखाली, उपरण्याखाली माइक झाकला गेला की आवाज गुदमरतो, म्हणून कपडा नीट पिनअप करा.

१६. माइकची पिन मोबाइलला जोडून दहा सेकंद रेकॉर्ड करा. मग माइकवर बोटानं हलकेच टिचकी मारून पुन्हा रेकॉर्ड करा आणि ऐका. टिचकी मोठ्यानं आली तर माइक चालू आहे. लांबून आल्यासारखी वाटली तर मोबाइल स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करतोय. दोष बहुतेकदा टाइप-सी जोडणीत निघतो, कारण काही जोडण्या फक्त ऐकायच्या असतात. माइक चालणारी जोडणी घ्या.

१७. दोन्ही मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर नेमक्या रंगलेल्या प्रसंगी सासरचा फोन येतो. लावलेला गजरही बंद करा.

१८. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये वेव्ह हा प्रकार आणि ४४.१ किलोहर्ट्झ निवडा. एका माइकच्या एका तासाला साधारण ३२० एमबी जागा जाते, तेव्हा प्रत्येक मोबाइलवर किमान १ जीबी मोकळी ठेवा. ॲपमध्ये 'नॉइज रिडक्शन' असेल तर इथे ते बंद करा. मोबाइलनं आधीच चिरून ठेवलेला आवाज नंतर जोडता येत नाही.

१९. आवाजाची पातळी बघा. नेहमीच्या बोलण्याला काटा -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये नाचला पाहिजे. मग मुद्दाम खदखदून हसा. हसताना काटा शून्याला टेकला तर पातळी कमी करा. मंद आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज कोणीही शिवून देऊ शकत नाही.

आता तुमचा आवाज

२०. शेवटच्या रांगेला विसरून, दोन हातांवर बसलेल्या एका माणसाशी बोला. ही पायरी नटाला सगळ्यात अवघड जाते, म्हणून हिच्यापाशी जरा थांबू. आयुष्यभर तुम्ही छातीतून आवाज उचलून मंडपाच्या टोकाला पोचवलात. माइकला तो आवाज नको असतो. श्रोता कानात इअरफोन घालून, भाजी चिरत किंवा एसटीच्या खिडकीशी बसून ऐकतोय, आणि तुम्ही त्याच्या कानाशी आहात. एक सराव करा: शेजारच्याला सकाळी काय खाल्लं ते सांगा, आणि त्याच सुरात, मध्ये श्वासही न बदलता, भागाचं पहिलं वाक्य म्हणा. सूर बदलला तर पुन्हा. पण कुजबुजू नका, कुजबुजीत शब्दांपेक्षा श्वास जास्त ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती रंगमंचावर कधी लागली नव्हती. तिथे पॉज नजरेनं भरता येतो. इथे नजर नाही. दोन सेकंदांची शांतता झाली की श्रोता मोबाइल बघतो, बंद पडला की काय म्हणून. पाहुण्यानं हातानं 'एवढा मोठा पडदा' दाखवला, तर तुम्ही लगेच शब्दांत आणा: 'म्हणजे या दारापासून त्या चुलीपर्यंत?' पाहुणा मान हलवेल, तेव्हा 'हो म्हणताय' असं म्हणा. डोळ्यांनी दिसणारं सगळं बोलून दाखवणं हे सूत्रधाराचं काम आहे.

२१. एका पानावर पाच मुद्दे लिहा. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पूर्ण लिहा. अख्खी संहिता लिहू नका. समोर कागद असला की नट वाचायला लागतो आणि ते लगेच कळतं. पान एकाच बाजूला लिहा, उलटताना सळसळ नको.

२२. सुरुवातीच्या दोन मिनिटांची एकच तालीम घ्या. नाव सांगणं, पाहुण्याची ओळख आणि सूत्रं हातात घेणं एवढीच. मधल्या गप्पांची तालीम घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. तिसऱ्यांदा सांगितलेल्या आठवणीवरचं हसू खोटं होतं, आणि वयस्क पाहुण्याची आठवण तर पहिल्यांदा सांगतानाच खरी रंगते.

आता रेकॉर्डिंग

२३. दोन्ही मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. वेळेचे आकडे पळत आहेत ना, हे दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

२४. तीस सेकंद कोणीच बोलू नका. खोलीचा हा रिकामा आवाज नंतर सफाईला लागणार आहे. हसू आलं तर पुन्हा तीस सेकंद मोजा.

२५. दोन्ही माइकच्या मध्ये एक मोठी टाळी द्या. दोन वेगळ्या मोबाइलवरचे आवाज नंतर जुळवायला टाळीचं हेच टोक उपयोगी पडतं. टाळी विसरलात तर कानाच्या अंदाजानं जुळवत बसाल.

२६. पाहुण्याकडून माइकवरच संमती घ्या. नाव, गाव, तारीख आणि 'हे प्रसिद्ध करायला माझी हरकत नाही' हे त्यांच्या आवाजात येऊ द्या. सोबत हेही सांगा की ऐकून झाल्यावर नको वाटलेला भाग आपण काढू. म्हातारे कलाकार रंगात आले की जुनी भांडणं, पैशांचे बोल, कोणाकोणाची नावं सांगून जातात. संध्याकाळी त्यांना झोप लागली पाहिजे, ही जबाबदारी तुमची.

२७. बोला. चाळीस मिनिटांच्या आसपास थांबायचं लक्ष्य ठेवा. वाक्य चुकलं तर रेकॉर्डिंग बंद करू नका: क्षणभर थांबा, एक टाळी द्या आणि ते वाक्य सुरुवातीपासून म्हणा. कापताना ती टाळी लांबूनही दिसेल. पाहुणा बोलत असताना 'हं, हं' करत राहू नका, मान डोलवा. ट्रॅक्टर गेला तर तो जाईपर्यंत पाणी प्या.

२८. शेवटी दुसरी टाळी द्या. तासाभरात दोन मोबाइल एकमेकांपासून किंचित सरकू शकतात. शेवटची टाळी जुळते का बघितलं की ते कळतं.

२९. जागेवरून उठायच्या आधी दोन्ही फाइली लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा. केबलनं उतरवा. व्हॉट्सॲपवर साधी ऑडिओ म्हणून पाठवलीत तर आवाज दाबला जाऊ शकतो. भाग पूर्ण होईपर्यंत मोबाइलवरची फाइल पुसू नका.

३०. एका सकाळी बाहेर जाऊन गावाचा आवाज रेकॉर्ड करून आणा. बनेश्वरच्या देवळामागचा धबधबा, भोरच्या एसटी स्टँडवरची घोषणा, वेल्ह्यात सकाळी गुरं रानाकडे निघतानाच्या घंटा. यातले पंधरा सेकंद तुमच्या भागाची नांदी होतील आणि त्यासाठी कोणाचं गाणं उसनं घ्यावं लागणार नाही. बनेश्वरला सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, आडवारी लवकर जा. माइकवर स्पंजची टोपी घाला, नाहीतर वारा खडखडेल. पावसाळ्यात पाण्याच्या काठावर माइक धरून उभं राहू नका.

आता लॅपटॉप

३१. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून दोन्ही फाइली एकाखाली एक आणा. मूळ फाइलवर काम करू नका, प्रत घ्या.

३२. दोन्हींची पहिली टाळी एका रेषेत आणा. शेवटची टाळी सरकलेली दिसली तर मध्ये एखाद्या शांत जागी कापून ती थोडी पुढेमागे करा.

३३. कापा. आधी मोठे तुकडे: भटकलेली गोष्ट, दोनदा आलेला मुद्दा, चहा आला तो प्रसंग. बारीकसारीक 'अं' सगळे काढू नका, माणूस श्वास न घेता बोलतोय असं वाटायला लागतं. भोर-वेल्ह्याची बोली जशी आली तशी राहू द्या. तिला पुस्तकी करण्यासाठी कापलंत तर ज्यासाठी हा खटाटोप केला तेच जाईल.

३४. खोलीच्या रिकाम्या तीस सेकंदांचा नमुना देऊन 'नॉइज रिडक्शन' हलकं लावा. ६ ते १० डेसिबल पुरे. जास्त लावलंत की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

३५. नांदीचे पंधरा सेकंद सुरुवातीला जोडा आणि ते हळूहळू विरू द्या. पहिल्या वाक्यावर धबधबा चढता कामा नये.

३६. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' लावा: मोनो फाइलला -१९ एलयूएफएस, स्टीरिओला -१६. हे न केल्यास श्रोता दुसरा पॉडकास्ट संपवून तुमचा लावेल आणि त्याला आवाज वाढवावा लागेल.

३७. एमपी३ करून जतन करा, मोनो, ९६ केबीपीएस. चाळीस मिनिटांची फाइल साधारण २९ एमबी होते. डोंगराआड रेंज कमी असलेल्या वाडीतही ती उतरेल.

३८. ती फाइल मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर, भांडी घासताना, एकदा शेवटपर्यंत ऐका. इअरफोनवर छान वाटलेला पाहुणा इथे ऐकू येत नसेल तर पायरी ३६ वर परत जा.

३९. पायरी २१ ते ३८ आणखी दोन भागांसाठी करा. एकच भाग तयार असताना प्रसिद्ध करायची घाई झाली की दुसरा कधीच येत नाही. तीन हातात हवेत.

आता जगासमोर

४०. ३००० × ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखचित्र बनवा. मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं, म्हणून नाव मोठं आणि शब्द थोडे. इंटरनेटवरून उचललेला फोटो नको, स्वतः काढा.

४१. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर पायरी ६ च्या ईमेलनं मोफत खातं उघडा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नका.

४२. वर्णन लिहा. पहिल्या दोन ओळींतच दोन्ही तालुक्यांची नावं घाला. राज्य मंत्रिमंडळानं २०२४ साली वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, पण लोक दोन्ही नावं वापरतात, म्हणून 'वेल्हे' आणि 'राजगड' दोन्ही लिहा. पाहुण्याचा फोन नंबर किंवा घराचा पत्ता वर्णनात टाकू नका.

४३. पहिला भाग चढवा आणि तो प्रसिद्ध व्हायची वेळ ठरवून द्या. नसरापूर किंवा भोरच्या चांगल्या रेंजमध्ये बसून चढवा, अर्ध्यावर तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून जाते.

४४. स्पॉटिफायच्या खात्यात तयार झालेला फीडचा पत्ता ॲपल पॉडकास्ट्सला द्या. खात्रीचा ईमेल पायरी ६ च्या पत्त्यावर येईल, तो दोघांपैकी एकानं लगेच बघा.

४५. यूट्यूब स्टुडिओत पॉडकास्ट म्हणून प्लेलिस्ट करा आणि मुखचित्रासह तोच भाग तिथे चढवा. आपल्याकडे घरातली मोठी माणसं यूट्यूबवरच ऐकतात, ही पायरी गाळू नका.

४६. पाहुण्याच्या घरी जाऊन त्यांना त्यांचा भाग ऐकवा. लिंक पाठवून सुटू नका. सोबत बसून लावा, आवाज मोठा ठेवा, घरातल्यांनाही बोलवा. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर एमपी३ 'डॉक्युमेंट' म्हणून टाकून द्या, म्हणजे त्यांना इंटरनेटशिवायही पुन्हा ऐकता येईल.

४७. नाटकाशी संबंध नसलेल्या पाच ओळखीच्यांना एकच प्रश्न विचारा: 'कुठे बंद केलंत?' 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे 'छान' म्हणतील. सांगतील ते मिनिट वहीत लिहा. तिघांनी एकच मिनिट सांगितलं तर पुढच्या भागाचं पान लिहायच्या आधी ती जागा दोघांनी एकत्र ऐका.